आभाळातली रेंज

(द्वितीय वर्ष, कला)

माझा दादा गेल्या मार्गशीर्षात नोकरीसाठी दोह्याला गेला. विमान मुंबईहून रात्री सुटले. दीडएक तासाने मी वसतिगृहाच्या खोलीत इतिहासाची टिपणे काढत बसले होते, तो माझ्या फोनवर त्याचा निरोप आला : "समुद्रावर आहोत. जेवण चांगले होते. आईला सांग."

आईला सांगायला मात्र दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ व्हावी लागली. आमची वाडी वहाळाच्या काठी, खोलगट जागेत आहे आणि तेथे फोनला रेंज नाही. आई दिवेलागणीच्या आधी सड्यावर चढून येते, तेथल्या एका ठरावीक कातळावर उभी राहते, आणि मग आमचे बोलणे होते. म्हणजे अकरा किलोमीटर उंचीवरून, खाली नुसता अरबी समुद्र असताना निघालेला निरोप मला क्षणार्धात मिळाला. तोच निरोप तालुक्याच्या गावापासून बावीस किलोमीटरवरच्या आमच्या घरी पोहोचायला जवळजवळ एक दिवस लागला.

आईने सगळे ऐकून घेतले. दादा जेवला याचे तिला समाधान वाटले. मग ती म्हणाली, "अगो, तो ढगात बसून निरोप धाडतो, नि आपल्याला परसात उभं राहून का धाडता येत नाय?"

मला उत्तर देता आले नाही. आमचे महाविद्यालय कलेचे. येथे पदार्थविज्ञानाचा विभाग नाही, आणि माझा विज्ञानाशी असलेला संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. तेव्हा मी भूगोलाच्या सरांना गाठले. त्यांनी फळ्यावर पृथ्वी काढून काही गोष्टी समजावून दिल्या, वाचायला दिले, आणि "आता हे तूच लिही" असे म्हणून मोकळे झाले. त्यातून जे मला उमगले ते माझ्यासारख्याच, विज्ञानाचा धसका घेतलेल्या वाचकांपुढे मांडीत आहे.

डोंगरावर चढले की रेंज येते, हा आम्हा कोकणातल्या माणसांचा रोजचा अनुभव. फोनच्या लहरी बऱ्याच अंशी प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. वाडीतून टॉवर दिसत नाही, मध्ये डोंगराची सोंड येते. सड्यावरून तो दिसतो. या अनुभवावरून मला वाटत होते की, विमान तर सड्याहूनही उंच, मग तेथे दादाच्या फोनला जमिनीवरचा एखादा टॉवर सहज सापडत असेल. ही समजूत साफ चुकीची निघाली.

एक तर मोबाइलच्या टॉवरवरील अँटेना आभाळाकडे पाहतच नाहीत. माणसे जमिनीवर असतात, म्हणून त्या किंचित खाली झुकवून बसवलेल्या असतात. दुसरे असे की, फार उंचावर गेल्यावर टॉवर दिसत नाही ही अडचण नसून तो फार दिसतो ही अडचण आहे. सरांनी गणित करून दाखवले : अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर दूर असते. मुंबईवर असलेल्या विमानापासून कोल्हापूरपर्यंतचा मुलूख सरळ रेषेत येतो. एवढ्या प्रदेशातल्या असंख्य टॉवरांच्या कानी एकाच फोनची हाक एकदम पडली, तर खालच्या व्यवस्थेत गोंधळच व्हायचा. शिवाय विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अडीचशे मीटर. एका टॉवरने फोनची नोंद घेऊन होते न होते तो विमान पुढे गेलेले. भरीला विमानाचे धातूचे कवच. म्हणूनच प्रवाशांना फोन फ्लाइट मोडवर ठेवायला सांगतात, आणि समुद्रावर तर टॉवरच नसतात.

मग दादाचा फोन बोलत कोणाशी होता? तर डोक्यावरच्या छताशी. विमानाच्या छतात, प्रवाशांना दिसणार नाहीत अशा बेताने, वाय-फायच्या लहान पेट्या बसवलेल्या असतात. आपल्या ग्रंथालयात आहे तशीच ही पेटी. फोनचे काम तेवढेच. त्याची हाक चार-सहा हातांपलीकडे जावी लागत नाही. पेटीपासून तार विमानातल्या सर्व्हरकडे जाते, तेथून मोडेमकडे, आणि मोडेमपासून विमानाच्या पाठीवर बसवलेल्या मोठ्या अँटेनाकडे. विमानाचे छायाचित्र बाजूने पाहिले तर पाठीवर एक उंचवटा दिसतो, बैलाच्या वशिंडासारखा. त्या घुमटीखाली ही अँटेना असते. घुमटी अशा पदार्थाची केलेली असते की, वारा अडतो पण लहरी आरपार जातात. खरी कथा या वशिंडापासून पुढे सुरू होते.

पुढे जाण्याच्या वाटा दोन. एक खाली जमिनीकडे, दुसरी वर आभाळाकडे.

जमिनीची वाट आधी सांगून टाकते, कारण ती सोपी आहे. टॉवर आभाळाकडे पाहत नाहीत ना, मग आभाळाकडे पाहणारे निराळे टॉवर उभारायचे आणि विमानाच्या पोटाखाली अँटेना लावायची. अमेरिकेत ऑगस्ट २००८ पासून ही सेवा सुरू झाली. गोगो हे तिचे नाव. युरोपात असे सुमारे ३०० मनोरे आणि जोडीला एक उपग्रह अशी व्यवस्था पुढे झाली. खर्च कमी, अंतर कमी, पण वाट अरुंद. अमेरिकेतल्या त्या पहिल्या सेवेत सबंध विमानाला मिळून सेकंदाला तीनेक मेगाबिट एवढाच प्रवाह मिळे. आणि अरबी समुद्रात मनोरा कोण रोवणार? तेव्हा दादाचा निरोप वरच गेला असला पाहिजे.

आर्थर सी. क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली एका नियतकालिकात अशी कल्पना मांडली होती की, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर त्याची प्रदक्षिणा आणि पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे यांचा मेळ बसेल, आणि खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा दिसेल. नेमकी उंची ३५,७८६ किलोमीटर. आज दूरचित्रवाणीचे उपग्रह याच कक्षेत आहेत. आमच्या कौलांवर जी डिशची थाळी आहे, ती दक्षिणेकडे तोंड करून अशाच उपग्रहाकडे टक लावून असते. ती बसवायला आलेल्या माणसाने तिला कणभर इकडे, कणभर तिकडे करीत चांगला अर्धा तास घालवला होता, आणि पुढे वादळी वाऱ्यात ती बोटभर हलली तेव्हा चित्र गेले होते.

आता वाचकांनी अशी कल्पना करावी की, ही थाळी घराच्या कौलांवर नसून ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या छपरावर आहे. छप्पर वळते, कलते, नाक वर करते, हादरे खाते. आणि थाळीने छत्तीस हजार किलोमीटरवरच्या एका उपग्रहावरून नजर ढळू द्यायची नाही. ढळली तर नुसता निरोप तुटतो असे नाही, तर शेजारच्या उपग्रहावर आपला आवाज पडून तेथला कारभार बिघडतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत नवल वाटले ते याचेच. हे साधते ते असे : विमान कोठे आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला, ते किती कललेले आहे, हे विमानातली स्वतःची उपकरणे क्षणोक्षणी सांगत असतात. उपग्रहाची जागा ठाऊकच असते. या दोहोंवरून दिशा काढायची आणि अँटेना तेवढी फिरवायची. हे काम घुमटीखालच्या मोटारी अखंड करीत असतात. विमान डावीकडे वळले की अँटेना तितकीच उजवीकडे.

अलीकडच्या काही अँटेनांत तर हलणारा भागच नाही. सपाट पाटावर शेकडो बारीक अँटेना मांडलेल्या असतात आणि दिशा बदलते ती वेळेच्या हिशेबाने. तळ्याच्या काठी चारपाच जणांनी ओळीने उभे राहून एकाच क्षणी खडे टाकले, तर तरंगांची मिळून होणारी लाट सरळ समोर जाते. तेच डावीकडच्याने आधी, त्याच्या शेजाऱ्याने किंचित नंतर, असे क्रमाने टाकले, तर लाट उजवीकडे तिरपी जाते. कोणी जागचे हलत नाही, तरी लाटेचे तोंड फिरते. या पाटावरच्या अँटेना हेच करतात, सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागांत.

निरोप उपग्रहावर पोहोचला म्हणजे काम झाले असे नव्हे. उपग्रह तो जमिनीवरच्या भूकेंद्राकडे परततो, आणि तेथून पुढे समुद्रातल्या व जमिनीतल्या केबलींतून तो आपल्या नेहमीच्या इंटरनेटमध्ये शिरतो. विमानापासून उपग्रहापर्यंत छत्तीस हजार, उपग्रहापासून भूकेंद्रापर्यंत पुन्हा तितकेच, मिळून बहात्तर हजार किलोमीटर. लहरी सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर जात असल्या तरी एवढ्या वाटेला पाव सेकंद लागतो. उत्तर यायला आणखी पाव. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण समोरासमोर बोलताना दर वाक्यामागे अर्धा सेकंद थांबून पाहावे, म्हणजे कसे अवघडल्यासारखे होते ते कळेल. एखादे पान उघडायला फोन असे कित्येक प्रश्न पाठोपाठ विचारीत असतो.

अंतर म्हणजेच वेळ हे एकदा ध्यानात आले की, एका दुःखद घटनेचा उलगडाही होतो. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियाचे एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. शेवटचे बोलणे पहाटे १ वाजून १९ मिनिटांनी झाले, लष्कराच्या रडारवर ते २ वाजून २२ मिनिटांपर्यंत दिसले, मग काही नाही. परंतु त्याच्या पाठीवरची उपग्रहाशी बोलणारी यंत्रणा चालू होती. ती बराच वेळ गप्प राहिली की भूकेंद्र उपग्रहामार्फत तिला विचारी, आहेस का? ती उत्तर देई, आहे. साधारण तासातासाने ही हाक आणि ओ सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत चालली. त्यात विमान कोठे आहे याचा शब्दही नव्हता. मात्र 'ओ' यायला किती वेळ लागला याची नोंद होती. त्या वेळेवरून विमान उपग्रहापासून किती दूर असेल ते काढता आले आणि नकाशावर तेवढ्या अंतराची वर्तुळे काढता आली. आगगाडी जवळ येताना शिट्टी बारीक व दूर जाताना जाड ऐकू येते, तसाच लहरींच्या कंपनांतही फरक पडतो. त्यावरून विमान दक्षिणेकडे गेले असा निष्कर्ष निघाला. जुलै २०१५ मध्ये त्याच्या पंखाचा एक तुकडा हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर लागला. जानेवारी २०१७ मध्ये थांबवलेल्या शोधात १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळूनही सांगाडा मिळाला नाही. ही हकिगत मी आईला सांगितलेली नाही.

अर्ध्या सेकंदाच्या खोळंब्यावर उपाय सरळ आहे, उपग्रह खाली आणावा. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत; तेथवर जाऊन परत खाली यायला सेकंदाच्या हजार भागांपैकी चारच भाग पुरतात. पण खाली आणलेला उपग्रह एका जागी राहत नाही. तो सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो आणि दीड तासाच्या आसपास पृथ्वीला फेरी घालतो. डोक्यावर आला म्हणेपर्यंत काही मिनिटांत गेलेला. म्हणून असे उपग्रह हजारोंनी सोडावे लागतात, आणि अँटेनाला एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरीत राहावे लागते. मोटारीवर फिरणाऱ्या थाळीचे हे काम नव्हे. येथे तो खड्यांचा पाटच लागतो. हवाईयन एअरलाइन्स आणि कतार एअरवेज यांनी २०२४ साली आपल्या विमानांत ही सेवा सुरू केली.

दादाने निरोपामागून एक छायाचित्र पाठवायचा प्रयत्न केला होता. ते गेले नाही. त्याला वाटले फोन बिघडला. फोन बिघडलेला नव्हता. त्याच्या विमानात निरोप फुकट होते आणि बाकी गोष्टींना पैसे होते. हा कंजूषपणा वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. दोन ओळींचा निरोप सुमारे दोनशे बाइटांचा, आणि छायाचित्र वीस लाख बाइटांचे धरले, तर एका छायाचित्राच्या जागेत दहा हजार निरोप मावतात. उपग्रहाची वहनक्षमता मोठी असली तरी ती वाटली जाते. इस्रोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून सोडण्यात आला. विमानांत इंटरनेट पुरवणे हाही त्याचा एक उद्देश. त्याची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट, पण ती ३२ झोतांत विभागलेली. एका झोताखाली जेवढी विमाने आणि जेवढी गावे, तेवढे वाटेकरी. आणि विमानाच्या वाट्याला जे येईल त्यात पुन्हा दोनतीनशे प्रवासी. पाणी टँकरने येते त्या गावच्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको.

पैशाची बाजू हलकी धरून चालत नाही, हे बोइंग कंपनीने अनुभवले. तिने मे २००४ मध्ये जर्मनीच्या लुफ्तान्साच्या विमानांतून उपग्रहावरचे इंटरनेट सुरू केले आणि २००६ च्या अखेरीस बंद केले. तंत्र चालत होते, गिऱ्हाईक नव्हते. त्या काळी इंटरनेट वापरायचे तर लॅपटॉप उघडावा लागे, आणि तो थोड्यांजवळ असे. पाठीवरचे ओझे आणि वशिंडाला अडणारा वारा यांमुळे इंधन जास्त जळे ते वेगळेच. खिशात मावणारा आयफोन २००७ साली आला, आणि मग विमानात चढणाऱ्या प्रत्येकाजवळ एक गिऱ्हाईक तयार झाले.

आपल्याकडे त्यासाठी नियम झाले ते डिसेंबर २०१८ मध्ये. खालच्या मोबाइल सेवेला उपद्रव होऊ नये म्हणून त्यांत ३,००० मीटर ही किमान उंची घातली होती. २०२० साली विस्तारा कंपनीने परदेशी जाणाऱ्या विमानांत ही सोय प्रथम आणली, आणि १ जानेवारी २०२५ रोजी एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरील काही विमानांत ती सुरू केल्याचे जाहीर केले.

शिमग्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी आईला परसात नेऊन हे सारे सांगितले. छत्तीस हजार वगैरे आकडे तिने सोडून दिले. उपग्रह एका जागी उभा असतो हे मात्र तिला पटले, कारण थाळी कधी फिरवावी लागत नाही हे तिच्या लक्षात होते. मी म्हटले, "परसातून टॉवर दिसत नाही, पण आभाळ दिसतं. विमान जे करतं ते इथूनही करता येईल. विमानवाल्यांनी ती अँटेना विकत घेऊन बसवलेय, इथे कुणी बसवलेली नाही, एवढाच फरक."

"मग ही काय आहे?" तिने कौलांवरच्या थाळीकडे बोट केले.

ही नुसती ऐकते, हिला बोलता येत नाही, असे मी सांगितले. उलट बोलायचे तर लहरी वर सोडणारे यंत्र लागते, त्याचे दर महिन्याचे भाडे लागते. आई थोडा वेळ थाळीकडे पाहत राहिली. मग तिने विचारले की, दादा गणपतीला येईल तेव्हा असाच वरून निरोप धाडील का.

"धाडील की."

"मग मी त्या दिवशी सड्यावरच बसते. विमान किती वाजता सुटतं ते आधी विचारून ठेव."